देहाची रोजकीर्द



आपली व्याख्यानमाला वसंतात भरते. चरकाच्या ऋतुचर्येप्रमाणे थंडीत साचलेला कफ या ऋतूत सूर्याच्या तापाने पातळ होतो आणि जठराग्नीला मंद करतो. म्हणून वसंतात जड, आंबट, स्निग्ध व गोड पदार्थ वर्ज्य करावेत, दिवसा झोपू नये आणि व्यायाम करावा. आम्ही करतो काय? पाडव्याला कडुनिंबाची चार पाने तोंड वाकडे करून चावतो आणि लगेच श्रीखंडाने त्यांचा वचपा काढतो. पुढे आंबा पिकला की आमरसाच्या वाट्या मोजण्याचा प्रघात नाही, आणि त्यावर वामकुक्षी ही ठरलेलीच. शास्त्र एकीकडे आणि आचार दुसरीकडे, ही स्थिती केवळ आपलीच आहे असे मात्र नव्हे. अंगावर चढलेला मेद उतरवावा कसा, या प्रश्नाशी निरनिराळ्या देशांतील माणसे दोन हजार वर्षे झगडत आली आहेत. त्या झगड्याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी वैद्य नव्हे. कोणी काय खावे याची यादी माझ्याजवळ नाही. हा इतिहास चाळताना जे एक सूत्र वारंवार हाती येते तेवढेच सांगणार आहे. मेद साठतो तो रोजच्या लहानसहान शिलकीतून, आणि उतरतो तोही रोजच्या लहानसहान खर्चातून. एखाद्या मोहिमेने तो कायमचा हटत नाही. हे सत्य अनेकांना सापडले, आणि इतके साधे असल्यामुळेच ते पुन:पुन्हा हरवले.

स्थूलपणा हा यंत्रयुगाचा रोग, असे म्हणण्याची रीत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' या नावाचा आहे. त्यात आठ प्रकारची निंद्य शरीरे सांगून अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच विस्ताराने विचार केला आहे. अतिस्थूलाचे आयुष्य घटते, हालचाल मंदावते, अशक्तपणा येतो, घाम फार येतो, भूक आणि तहान अनावर होतात, असे तेथे म्हटले आहे. कारणे दिली आहेत ती अतिभोजन, जड-गोड-स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, सदा हर्षात व निश्चिंत असणे, आणि शेवटी 'बीजस्वभाव'. हा शेवटचा शब्द फार मोलाचा आहे. आईबापांकडून आलेली शरीराची ठेवण हेही एक कारण असते, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते. लठ्ठ माणूस दिसला की त्याला खादाड किंवा आळशी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी तो शब्द ध्यानात ठेवावा.

चरकाचा उपायही तितकाच विचारपूर्वक आहे. मेदस्वी माणसाचा जठराग्नी प्रखर असतो, त्याला नुसते उपाशी ठेवून भागत नाही. म्हणून जे पोटाला जड पण पोषणाला हलके असेल असे अन्न त्याला द्यावे. जव, सावा, हरीक, मूग, कुळीथ, ताक हे त्याने सुचविलेले पदार्थ. आपल्या कोकणातल्या आणि देशावरच्या कष्टकरी माणसाच्या ताटात जे पिढ्यान्‌पिढ्या होते, तेच हे. व्यायाम, जागरण आणि चिंतन वाढवावे, पण ते क्रमाक्रमाने वाढवावे, असेही तो बजावतो. एका दिवसात पालट करण्याची भाषा तेथे नाही.

सुश्रुताने प्रमेहाच्या चिकित्सेत तर धनवान आणि निर्धन यांना वेगवेगळी चिठ्ठी लिहून दिली आहे. निर्धन व निराधार रोग्याने पायांत वहाण आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. धनवानाने सावा, नीवार यांसारखी रानधान्ये आणि आवळा, कवठ यांसारखी फळे खाऊन हरणांच्या संगतीत राहावे. कोणी जमीन नांगरावी, कोणी विहीर खणावी. वरवर पाहता हे हास्यास्पद वाटेल. पण यात औषधाचे एक नावही नाही. आहे ते चालणे, खणणे आणि साधे अन्न. श्रीमंताला गरिबाचा दिनक्रम देणे, हाच या चिकित्सेचा गाभा आहे.

आपल्याकडे नियम होता; मोजमाप नव्हते. ते आले इटलीतील पाडुआ या शहरी. सोळाव्या शतकात तेथे लुइजी कोर्नारो नावाचा एक धनिक राहत होता. मेजवान्यांनी त्याचे शरीर चाळिशीच्या आतच पोखरले. पोटदुखी, सांधेदुखी, ताप आणि न शमणारी तहान मागे लागली. वैद्यांनी हात टेकले आणि मिताहार हाच उपाय सांगितला. कोर्नारोने तो अक्षरशः मानला. दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षमद्य, एवढे माप त्याने ठरविले आणि पुढची कित्येक दशके पाळले. म्हातारपणी आप्तेष्टांनी आग्रह करून अन्न व पेय दोन-दोन औंसांनी वाढविण्यास लावले, तेव्हा थोड्याच दिवसांत तो आजारी पडला. पुन्हा जुन्या मापावर आला तेव्हा सावरला. त्याचे मिताहारावरील पुस्तक १५५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १५६६ मध्ये, ऐंशी उलटून गेल्यावर, तो वारला. अर्थात नोकरचाकर बाळगणाऱ्या गृहस्थाचे बारा औंस नांगर धरणाऱ्याला पुरणार नाहीत. कोर्नारोपासून घ्यावयाचे ते त्याचे माप नव्हे. ते माप रोज पाळण्याची त्याची चिकाटी.

त्याच पाडुआच्या विद्यापीठात पुढे सांतोरियो हा वैद्यकाचा अध्यापक झाला. त्याने एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली आणि तीत बसून जेवणे चालू केले. ठरलेल्या वजनाचे अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली येई आणि जेवण थांबे. सुमारे तीस वर्षे तो अन्न, पाणी, मलमूत्र आणि स्वतःचा देह यांची वजने करीत राहिला. १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सांगितले की, दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यांतले पाच पौंड न दिसता निघून जाते. कोठे जाते? त्वचेवाटे आणि श्वासावाटे अदृश्य घामाच्या रूपाने, असे त्याचे उत्तर होते.

ते अर्धेच खरे होते. उरलेला उलगडा होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. पॅरिसमध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले की, श्वसन म्हणजे एक मंद ज्वलन आहे. माणूस श्रम करू लागला की ते वाढते. आपला सहकारी सेगँ याच्यावर त्याने हे प्रयोग केले. त्या निबंधात त्याने एक अस्वस्थ करणारा प्रश्नही मांडला आहे: श्रमणाऱ्या गरिबाच्या देहाचे इंधन अधिक जळते, मग त्याच्याच वाट्याला अन्न कमी का? १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. त्याने उघडलेली वाट मात्र पुढे चालत राहिली. दहा किलो चरबी देहात जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेले १.६ किलो पाणी होते, असा हिशेब २०१४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला. घाम गाळण्याच्या पट्ट्यांनी आणि वाफेच्या पेट्यांनी चरबी वितळते असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. जाते ते पाणी. दोन पेले प्याले की ते परत येते.

आता या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध गृहस्थाकडे वळू. विल्यम बँटिंग हा लंडनचा व्यापारी. अंत्यसंस्काराची व्यवस्था करणे हा त्याच्या घराण्याचा धंदा. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचे काम याच पेढीकडे होते. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टात वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येईना, आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलटे पाऊल टाकीत उतरावा लागे. रस्त्यावरची थट्टा सोसवेना म्हणून तो चारचौघांत मिसळेनासा झाला होता. त्याने उपाय केले नव्हते असे नाही. झऱ्यांची पाणी प्यायला, बाष्पस्नाने केली, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज पहाटे दोन तास होडी वल्हवली. वल्हवण्याने दंड कमावले. पण भूक अशी खवळली की वजन उतरण्याऐवजी वाढले.

शेवटी ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वी या कर्णतज्ज्ञाकडे गेला. हार्वी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरील व्याख्याने ऐकून आला होता. कान बिघडण्याचे कारण त्याला पोटात दिसले. त्याने बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले; मांस, मासे, भाज्या, थोडी फळे आणि सुक्या टोस्टचा एखादा तुकडा ठेवला. १८६३ च्या सप्टेंबरापर्यंत वजन १५६ पौंडांवर आले आणि कंबर सव्वाबारा इंचांनी घटली. आकडा मोठा वाटतो. पण भागाकार करून पाहा. ४६ पौंड उतरण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. म्हणजे आठवड्याला एक पौंडही नाही!

बँटिंगने आपली हकीकत १८६३ मध्ये जनतेस अनावृत पत्र म्हणून छापली आणि पहिल्या प्रती फुकट वाटल्या. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत त्याचे आडनाव क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत तर वजन उतरविण्याला आजही 'बांता' असेच म्हणतात. वैद्यक मंडळींनी मात्र त्याची यथेच्छ टवाळी केली. वैद्य नसलेल्या माणसाने वैद्यकावर लिहावे हे त्यांना रुचले नाही. तो ८१ वर्षे जगून १८७८ मध्ये वारला. त्याच्या आहाराच्या यादीवर आजही वाद होतात. परंतु लोकांनी यादी उचलली आणि त्याने जे खरोखर केले ते सोडून दिले. त्याने त्याच घरात राहून चारही वेळच्या खाण्यात एकेक पदार्थ बदलला, वजनाची टाचणे ठेवली, आणि वजन उतरल्यावरही तो बदल मोडला नाही.

बँटिंगच्या होडीवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की व्यायाम व्यर्थ आहे, कारण त्याने भूकच वाढते. या निष्कर्षाला एक उत्तर मिळाले ते बंगालमधून. हुगळीकाठच्या चेंगाइल येथील ताग गिरणीतील २१३ माणसांची पाहणी करून झाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार, कारकून, यंत्रावरचे कामगार, ओझी वाहणारे हमाल, अशा सर्वांचा आहार आणि वजन त्यांनी मोजले. मध्यम व जड काम करणाऱ्यांत जितके काम तितके खाणे, असा मेळ होता आणि वजने बेताची होती. बसून राहणारे मात्र कमी खात नव्हते. अंगमेहनत करणाऱ्यांच्या बरोबरीने खात होते आणि वजनाने पुष्कळ भारी होते. एका गिरणीवरून जगाचा नियम ठरत नाही. पण त्यातील इशारा ध्यानात घेण्याजोगा आहे. देह अगदीच स्वस्थ बसला की भुकेचा काटाही बिघडतो. व्यायामाने भूक वाढते हे खरे, परंतु व्यायाम नसल्याने ती तितकी घटत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांकडे दृष्टी वळविली. चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच वर्गातले. फरक एवढाच की एक बसून असतो आणि दुसरा तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो. सुमारे ३१,००० नोकरांच्या नोंदी तपासून १९५३ मध्ये त्यांनी दाखविले की, हृदयविकार वाहकांत कमी आणि सौम्य होता. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे काढली. चालकांच्या कंबरा रुंद निघाल्याच. पण सारख्याच कंबरेचे चालक आणि वाहक ताडून पाहिले तरी एकाएकी मरण येण्याचा धोका चालकांनाच अधिक होता. म्हणजे पायऱ्यांचा लाभ कंबरेपुरता नव्हता. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. त्या वाहकांपैकी एकालाही आपण व्यायाम करीत आहोत असे वाटत नसेल. ती त्यांची नोकरी होती.

नोकरीत व्यायाम नसेल तर तो दिनक्रमात घालावा लागतो, आणि या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगला धडा घालून दिला आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत रुजविले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये लंडनलाही त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. सूर्यनमस्काराला आखाडा लागत नाही, साहित्य लागत नाही, सोबती लागत नाही. साडेतीन हात जागा पुरते. पंतांचा भर चमत्कारावर नव्हता, नित्यनेमावर होता. आंघोळ जशी चुकत नाही तसा नमस्कार चुकू नये, अशी ती दृष्टी.

तिकडे अमेरिकेत अन्नाची मोजणी घरोघर पोचली. अॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नातील उष्णतेची कोष्टके तयार केली. कॅलिफोर्नियाच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये, स्वतःचे भारी वजन उतरविल्यावर, कॅलरी मोजून खाण्याचे पुस्तक लिहिले. १९२४ आणि १९२५ या वर्षी ते तेथील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत होते. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: ही मोजणी जन्माची आहे. पण जन्माची गोष्ट कोणाला आवडते? १९३३ मध्ये डायनायट्रोफेनॉल हे रसायन मेद जाळते असे आढळले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरले जाणारे ते द्रव्य लोकांनी गोळ्यांच्या रूपाने गिळले. वजने उतरली खरी. पण कित्येकांना मोतीबिंदू झाले, काहींचा देह तापून प्राण गेला, आणि १९३८ च्या कायद्याने ते विकणे बंद करावे लागले. आडवाटेची किंमत याहून स्पष्ट कोठे दिसणार?

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण पुण्यात घडले आहे. उंचीच्या वर्गाशी वजनाचे प्रमाण लावण्याची युक्ती बेल्जियमच्या केतले याची, १८३० च्या दशकातली. आज ज्याला बी.एम.आय. म्हणतात ते हेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा हा आकडा नेमका सारखा, २२.३, निघाला. देहातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! त्या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात छापले गेले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसले की, तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्रज बालकांहून सुमारे ८०० ग्रॅम हलकी. पण त्यांची घट झाली होती ती स्नायूंत, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. तात्पर्य, आमच्यापैकी अनेकजण काट्यावर सडपातळ आणि आतून स्थूल असतात. म्हणून 'माझे वजन ठीक आहे' एवढ्यावर मराठी माणसाने निर्धास्त राहू नये. कंबरेचा पट्टा किती घरे सरकला तेही पाहावे.

मग या साऱ्याचा उपयोग होतो की नाही? होतो, आणि तो मोजला गेला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ अमेरिकन स्त्रीपुरुषांवरील प्रयोगाचे फळ २००२ मध्ये जाहीर झाले. वजन सात टक्क्यांनी उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढेच ध्येय ठेवलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगात, २००६ च्या अहवालाप्रमाणे, आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि विशेष हे की त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांना यापेक्षा मोठा दिलासा नाही.

वजन उतरविण्यापेक्षा ते उतरलेले राखणे कठीण. देह जुने वजन विसरत नाही. अन्न तोडले की तो भूक वाढवितो आणि खर्च आखडता घेतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, दुष्काळातून तगलेल्या जीवाची ती सावधगिरी आहे. ज्यांनी पुष्कळ वजन उतरवून राखले अशांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली. तीत नोंदलेल्या बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत: सकाळची न्याहारी, आठवड्यातून एकदा तरी वजन, आणि रोज सुमारे तासभर व्यायाम, बहुधा चालणे. अलीकडे भूक शमविणारी इंजेक्शने निघाली आहेत; २०२५ मध्ये ती वजन उतरविण्यासाठी भारतातही आली. ती गुणकारी आहेत आणि गरजू रोग्याने वैद्याच्या सल्ल्याने ती घेण्यात कमीपणा नाही. पण त्यांपैकी सेमाग्लुटाइडचा प्रयोग थांबविल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. औषध थांबले तरी दिनक्रम उरतोच.

व्यापारी रोजच्या रोज रोजकीर्द लिहितो. वर्षाअखेरीस एकदम सगळे आठवू म्हणत नाही. देहाचेही तसेच आहे. चहातली अर्धी साखर, चहाबरोबरचे फरसाण, भाजीबाजारापर्यंतची दुचाकी, दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्ट, रात्री दहाचे जेवण: यांतली एकेक नोंद क्षुल्लक असते, आणि बेरीज मात्र क्षुल्लक नसते. ज्याला जे झेपेल ते एक कलम त्याने बदलावे आणि वर्षभर मोडू नये. पुरणपोळी सणाला जरूर खावी; प्रत्येक दिवसाला सण करू नये. ज्यांना आजार आहेत त्यांनी वैद्याला विचारूनच आहार बदलावा. आणि घरात कोणी लठ्ठ असेल तर त्याची थट्टा न करता त्याच्याबरोबर चालायला निघावे.

आपण बराच वेळ एका जागी बसून माझे बोलणे ऐकले. आता उठावे, आणि ज्यांची घरे जवळ आहेत त्यांनी कृपा करून पायीच जावे.